प सा ग ध : पहिलं युकुलेले घेताना

माझं पहिलं युकुलेले, म्हणजे गिटारसारखं दिसणारं चार तारांचं छोटं वाद्य, आकाशी रंगाचं होतं. रंग आवडला म्हणून घेतलं, दुसरं काही कारण नव्हतं. ठाण्याच्या नौपाड्यातल्या आमच्या बाहेरच्या खोलीत ते सहा महिने खिळ्याला टांगलेलं होतं आणि येणारा-जाणारा विचारायचा, “छान आहे हो, वाजवता का?” वाजवत नव्हतो. सीची कॉर्ड (कॉर्ड म्हणजे एकदम वाजवायचे जुळलेले सूर) बरी लागायची, पण एफ धरली की काहीतरी आंबट व्हायचं. दहा मिनिटांत बोटांची टोकं लाल. मी समजलो, आपल्याच हातात दोष आहे. पुढे वाद्यं दुरुस्त करणाऱ्या एका काकांनी ते हातात घेतलं, पहिल्या घरात, म्हणजे मानेच्या टोकाजवळच्या पहिल्या कप्प्यात, तार दाबून पाहिली आणि म्हणाले, “ही तार आहे की कपडे वाळत घालायची दोरी?”

तेव्हापासून कोणी युकुलेले घ्यायला निघालं की मी सांगतो: नाद शोधायचाय ना, मग हातापासून सुरुवात करा. जे वाद्य हाताला छळतं त्याचा नाद कितीही गोड असो, तो तुमच्या कानापर्यंत पोचतच नाही. वाद्य खिळ्यावर आणि तुम्ही मोबाइलवर.

आधी तारा कानात बसवा

दुकानात जाण्याआधी एवढं तरी माहीत हवं. युकुलेलेच्या चार तारा जी, सी, ई, ए अशा लावतात. पेटीच्या भाषेत पांढरी पाच, पांढरी एक, पांढरी तीन, पांढरी सहा. पांढरी एकला सा धरलात तर वरून खाली प, सा, ग, ध. आमच्या आत्याने पहिल्यांदा मोकळ्या तारांवरून हात फिरवलेला ऐकला आणि म्हणाली, “भूप लागलाय, पण रे कुठं गेला?” अगदी बरोबर. मोकळं युकुलेले म्हणजे रिषभ हरवलेला भूप.

यातली गंमत पंचमात आहे. गिटारसारखी जाड तार सगळ्यात वर, असा इथे नियम नाही. सर्वांत वरची ‘जी’ची तार जाड नसून बारीक असते, आणि तिचा पंचम मंद्र सप्तकातला नसून मध्य सप्तकातलाच असतो. म्हणजे सगळ्यात खालचा सूर दुसऱ्या तारेवर आणि उंच सूर दोन्ही कडांना. युकुलेलेचा तो टणटणीत, खिदळल्यासारखा आवाज बराचसा यातूनच येतो. काही जण ही वरची तार बदलून मंद्र पंचम लावतात, त्याला ‘लो जी’ म्हणतात. त्याने आवाज भरदार होतो, एकेक सुराने चाल वाजवणाऱ्याला खालचे सूर मिळतात, पण ते खिदळणं जातं. नवशिक्याने आधी नेहमीचंच लावावं. लो जी ही पुढची चैन आहे. शिवाय जाड तारेसाठी नटाची, म्हणजे मानेच्या टोकाच्या पट्टीची, खाच रुंद करून घ्यावी लागू शकते.

हे वाद्य दिसतं हवाईचं, पण मूळ पोर्तुगीज. १८७९च्या ऑगस्टमध्ये ‘रेवन्सक्रॅग’ नावाचं जहाज मदेरा बेटावरचे मजूर घेऊन होनोलुलूला लागलं. त्यात मॅन्युएल नुनेस, ऑगस्टो दियास आणि जोसे दो एस्पिरितो सांतो हे तीन लाकूडकाम करणारे होते. त्यांच्याकडच्या ‘माशेत’ या छोट्या वाद्यापासून तिथल्या कोआ लाकडात युकुलेले घडलं. नावाचा सर्रास सांगितला जाणारा अर्थ ‘उडी मारणारी पिसू’. वाजवणाऱ्याची बोटं पाहिली की पटतो.

कोणत्या मापाचं?

चार मापं आहेत. सोप्रानो साधारण २१ इंच, कॉन्सर्ट २३, टेनर २६, बॅरिटोन ३०. बॅरिटोन विसरा, ते गिटारच्या खालच्या चार तारांसारखं डी, जी, बी, ई लावतात, सगळ्या कॉर्ड्स वेगळ्या पडतात.

उरलेल्या तिघांत नवशिके फसतात ते इथे: सोप्रानो सगळ्यात लहान, म्हणून सगळ्यात सोपं. तसं नाही. सोप्रानोवर पहिल्या आणि दुसऱ्या फ्रेटमधलं अंतर जेमतेम १८ मिलिमीटर भरतं, कॉन्सर्टवर २०, टेनरवर २३. (फ्रेट म्हणजे आपले सतारीचे पडदेच, फक्त इथे ते पक्के बसवलेले, सरकवता येत नाहीत.) डीच्या कॉर्डला त्या एका घरात शेजारी-शेजारी तीन बोटं कोंबायची असतात. बोटं बारीक असली तर सोप्रानोवर ती आरामात बसतील. माझ्यासारखी वडापाव-बोटं असली तर कॉन्सर्ट घ्या.

पण लांबी वाढली की ताणही वाढतो. तोच सूर लांब तारेवर लावायचा तर तार जास्त खेचावी लागते. म्हणून टेनर दाबायला थोडं कडक, पण आवाज मोठा आणि सूर जास्त वेळ टिकणारा. सोप्रानो मऊ, पण सूर लगेच विझतो. कॉन्सर्ट मधलं. एकच सांग म्हणाल तर मोठ्यांना कॉन्सर्ट, आठ-दहा वर्षांच्या मुलाला सोप्रानो. आणि नाद सोप्रानोचाच हवा पण बोटांना जागाही हवी, असा हट्ट असेल तर ‘लाँग नेक सोप्रानो’ विचारून पाहा: पोट सोप्रानोचं, मान कॉन्सर्टची. सगळीकडे मिळत नाही, मिळालं तर हातात घेऊन पाहाच.

गाण्यासाठी घेत असाल तर तुमची पट्टी आधी ठरवा. काळी पाचमध्ये गाणाऱ्या बाईंना सीच्या जुळणीत बी फ्लॅटची कॉर्ड सारखी धरावी लागेल, आणि ती नवशिक्यांना रडवते. त्यापेक्षा टेनर घेऊन चारही तारा दोन घरं उतरवा. सा काळी पाचवर येतो आणि सीच्या कॉर्डचं बोट जागचं हलत नाही. सोप्रानोवर हे करू नका, तारा लोळतात. उलट सा पांढरी दोनवर हवा असेल तर दुसऱ्या घरात कॅपो, म्हणजे चारही तारा दाबून धरणारा चिमटा, लावला की झालं.

कुठे बघायचं

ठाण्यात गोखले रोड, राम मारुती रोडच्या बाजूला वाद्यांची दुकानं धुंडाळा; पण निवड जास्त हवी असेल तर सुटीच्या दिवशी लोकल पकडून सीएसएमटी गाठा आणि पायी धोबी तलावला जा. १८६५पासूनचं फुर्टाडोज तिथेच आहे. शनिवारी संध्याकाळी जाऊ नका. शेजारी कोणी इलेक्ट्रिक गिटार तपासत असेल तर युकुलेलेचा आवाज तुम्हाला कळणार नाही. सकाळी दुकान उघडताना जा, दुकानदारही निवांत असतो.

सोबत तीन गोष्टी न्या. एक क्लिपचा ट्यूनर, तो लाकडाच्या कंपनावर चालतो म्हणून गोंगाटातही सूर दाखवतो. ४४० हर्ट्झवर आहे ना एवढं बघून घ्या. दुसरं, बाद झालेली चार एटीएम कार्डं, आकडे उठावदार नसलेली. तिसरं, थोडी निर्लज्जता. वीस मिनिटं लागणार आहेत, आणि “दादा, अजून एक काढता का?” असं चार वेळा म्हणावं लागणार आहे.

दुकानातली वीस मिनिटं

वाद्य हातात आलं की वाजवू नका. आधी सुरात लावा, किंवा लावून मागा. बेसूर वाद्याची परीक्षा होत नाही.

आता कार्डं काढा. बाराव्या फ्रेटवर, फ्रेटची तार आणि वाजणारी तार यांच्या मधल्या फटीत ती सरकवायची. एक कार्ड पाऊण मिलिमीटरच्या आसपास जाड असतं. तीन सहज जातात आणि चौथं अडतं, तर तारांची उंची ठीक, साधारण अडीच ते तीन मिलिमीटर. चारही सैलपणे आत गेली आणि वर जागा उरली तर बोटं दुखणार. दोनच कार्डांत तार टेकली तर जोरात वाजवल्यावर खरखरेल.

ही तपासणी बहुतेक लोकांना कुठून तरी कळलेली असते. दुसरी, जी माझ्या आकाशी युकुलेलेला कोणी केली नाही, ती नटाची. नट म्हणजे मानेच्या वरच्या टोकाची खाचा असलेली पांढरी पट्टी. तार तिसऱ्या फ्रेटवर दाबा आणि पहिल्या फ्रेटवर पाहा: तार आणि फ्रेट यांत केसाएवढी फट दिसली पाहिजे. तिथून कागदाची चवड जाईल एवढी जागा असेल तर नट उंच आहे. खात्री ट्यूनरवर करा. मोकळी ई तार अचूक लावा, मग पहिल्या घरात हलक्या हाताने दाबा. काटा सरळ एफवर यायला हवा. पंधरा-वीस सेंट (एका घराचे शंभर सेंट) वर गेला तर उंच नटामुळे तार दाबताना जास्त ताणली जातेय. एफच्या कॉर्डमध्ये नेमकी हीच तार याच घरात दाबतात, म्हणून माझी एफ आंबट आणि सी गोड लागायची. सीमध्ये पहिल्या घरात बोटच नसतं.

मग सुरांचा हिशोब. बाराव्या फ्रेटच्या अगदी वर तारेला बोट नुसतं टेकवा, न दाबता छेडा आणि बोट उचला. घंटीसारखा सूर येईल. आता तिथेच तार दाबून वाजवा. दोन्ही एकच यायला हवेत. पाच सेंटचा फरक सोडून द्या, पंधराच्या पुढे गेला तर वाद्य परत द्या. ट्यूनरवर विश्वास नसेल तर पेटी शिकलेल्यांना कानानेही करता येतं: ए तारेवर तिसऱ्या घरातला सूर म्हणजे तार षड्ज, तो मोकळ्या सी तारेच्या सा-शी मिळतो का? ई तारेचं तिसरं घर म्हणजे पंचम, तो मोकळ्या जी तारेत विरघळला पाहिजे. लाटा ऐकू आल्या, वँव वँव झालं, तर कुठेतरी गडबड आहे.

यानंतर प्रत्येक तार, प्रत्येक घर, एकदा. कंटाळवाणं आहे, करा. एखाद्याच घरात खरखर असेल तर फ्रेट वर आलेली असते.

मानेच्या कडेवरून बोट वर-खाली फिरवा. करवतीसारखं लागलं तर फ्रेटची टोकं नीट घासलेली नाहीत. घोडी, म्हणजे तारांचं खालचं टोक धरणारी पट्टी, पोटावर नीट चिकटलीय का, हे बघायला तिच्या कडेखाली साध्या कागदाचा कोपरा सरकवून पाहा. गेला तर ती सुटायला लागलीय, वाद्य घेऊ नका. खुंट्या फिरवून पाहा. दातेरी चक्राच्या खुंट्या नवशिक्याला बऱ्या. सरळ मागे निघणाऱ्या घर्षणाच्या खुंट्या दिसायला देखण्या, पण त्या जरा हलल्या की सूर दोन घरं पळतो.

शेवटी उभं राहून धरून पाहा. उजव्या हाताच्या कोपराने पोट छातीशी दाबून धरायचं असतं, डाव्या हाताने मान पेलायची नाही. डीची कॉर्ड धरा, आठवत नसेल तर दुकानदाराला विचारा: वरच्या तिन्ही तारा दुसऱ्या घरात. बोटं एकमेकांवर चढत असतील तर नटाची रुंदी मोजा. कुठे ३४ मिलिमीटर असते, कुठे ३८. फरक चार मिलिमीटरचा, पण तारेतारेत वाटला तर बोटाला चांगलाच जाणवतो.

आता नाद

एवढ्या चाळणीतून दोन-तीन वाद्यं उरतील. आता डोळे मिटा. एकच कॉर्ड, एकदाच, मानेचा पोटाशी सांधा असतो तिथे वाजवा आणि थांबा. सूर किती वेळ तरंगतो? चारही तारा ऐकू येतात की एकच पुढे धावते? मग तीच कॉर्ड घोडीजवळ वाजवा. चांगल्या वाद्यात या दोन जागांचे आवाज दोन माणसांसारखे वेगळे असतात. साध्या वाद्यात सगळीकडे डबाच वाजतो. सोबत आलेल्याला वाजवायला लावा आणि तुम्ही समोर उभे राहा. आवाज पुढे फेकला जातो, वाजवणाऱ्याला अर्धाच कळतो.

लाकडाबद्दल लोक खूप बोलतात, मीही बोलतो. महोगनी गोलसर, मऊ. वर स्प्रूस असेल तर उजळ आणि मोठा. सीडर त्याहून हळवा. कोआ फक्त हवाईत वाढणारं, महाग, गोडव्यात थोडी धार असलेलं. पण ही नुसती दिशा झाली. पोटाची पातळ-जाड फळी, आतल्या पट्ट्या आणि तारा यांनी सगळं बदलतं. दोन महोगनी युकुलेले शेजारी ठेवा, एक बोलेल आणि एक पुटपुटेल. अननसाच्या आकाराचं युकुलेले दिसलं तर खेळणं समजून पुढे जाऊ नका. होनोलुलूच्या युकुलेले बनवणाऱ्या कामाकांनी तो आकार १९२०च्या दशकातच काढला, पोटाला कंबर नसल्याने आत हवेला जास्त जागा मिळते. अगदीच निराळा आवाज हवा असेल तर बँजोलेले असतं, कातडी ताणलेलं, भलतंच खणखणीत. हाउसिंग सोसायटीत राहत असाल तर जपून.

नाद बदलायचा सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे तारा. स्वस्त वाद्यावर काळ्या, गुळगुळीत नायलॉनच्या तारा असतील तर आहे त्या आवाजावरून निकाल देऊ नका. इटलीच्या अक्विलाच्या दुधाळ नायलगट तारा लावल्या की तेच वाद्य जागं होतं. फ्लुओरोकार्बनच्या बारीक, काचेसारख्या तारांनी आवाज अजून चकचकीत होतो. मी एका मित्राच्या ऐरोलीच्या घरी त्याच्या जुन्या सोप्रानोवर तारा बदलून दिल्या, तर त्याची बायको स्वयंपाकघरातून विचारत आली, “नवीन आणलंत का?”

पाऊस आणि प्लायवूड

दुकानदार ‘सॉलिड टॉप’ म्हणेल. म्हणजे वरची फळी अखंड लाकडाची. ओळखायचं कसं? मधल्या गोल भोकाच्या कडेकडे पाहा. लाकडाच्या रेषा कडेवरून सरळ आत उतरत असतील तर अखंड, कडेला थर दिसत असतील तर लॅमिनेट, म्हणजे प्लायच. अखंड फळीचा आवाज खरोखर मोकळा असतो. पण तिला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते, आणि आपल्याकडे जुलैत हवा ऐंशी-नव्वदीत असते. फळी ओल पिऊन फुगते, पोट वर येतं, त्याबरोबर तारा वर जातात. पुढे कोणी खोलीत रात्रभर एसी लावला की तीच आकसते आणि फ्रेटची टोकं बाहेर डोकावतात.

म्हणून पहिलं वाद्य चांगलं लॅमिनेट घ्या, लाज वाटू देऊ नका. तलावपाळीला बसून वाजवायचं, उपवनला न्यायचं, ट्रेनमध्ये गर्दीत डोक्यावरच्या रॅकवर टाकायचं, तर लॅमिनेटच टिकतं. याहून बेफिकीर व्हायचं असेल तर पाठीला एबीएस प्लास्टिक असलेलं ‘फ्लाइट’ कंपनीचं प्रवासी सोप्रानो किंवा आख्खं पॉलिकार्बोनेटचं एन्या नोव्हा बघा. प्लास्टिक म्हणून मी नाक मुरडत होतो, वाजवल्यावर गप्प बसलो. एकच कुठल्याही वाद्याला चालत नाही: मे महिन्यात घोडबंदर रोडला गाडीच्या डिकीत ठेवणं. गोंद मऊ होतो आणि घोडी उचकटते.

पैशांचं अंदाजे सांगतो, भाव बदलत असतात. दोन हजारांखाली बहुतेक वेळा वरची एखादी परीक्षा नापास होते. चार ते सात हजारांत नीट कॉन्सर्ट मिळायला हवं. सॉलिड टॉप त्याच्या वर. पिकअप (आवाज स्पीकरला जोडायची सोय), दिवे, कोरीवकाम यांना पैसे देऊ नका. ट्यूनर, जाड बॅग आणि तारांचा जादा संच यांना द्या.

ऑनलाइन मागवलंत तर परत देण्याची मुदत किती दिवसांची ते आधी बघा, आणि कार्डांची परीक्षा खोका उघडल्या दिवशीच करा. उंची थोडीशीच जास्त असेल तर घाबरू नका. घोडीवरची पांढरी पट्टी, सॅडल, बाहेर निघते. तिच्या खालच्या बाजूला पेन्सिलीने रेघ मारून काचेवर ठेवलेल्या पॉलिश पेपरवर घासा. बारावा फ्रेट तारेच्या बरोबर मध्यावर असतो, म्हणून सॅडल एक मिलिमीटर कमी केलं की तिथली उंची अर्धाच मिलिमीटर उतरते. थोडं घासा, बसवून बघा, परत घासा. नटाच्या खाचांना मात्र हात लावू नका, तिथे जरा जास्त खोल गेलं की मोकळी तार कायमची खरखरते. ते काम कारागिराचं.

पहिला आठवडा

घरी आणल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी ते बेसूर सापडेल. संध्याकाळी परत. बरेच जण इथे वाद्य बिघडलं समजून दुकानात परत जातात. नव्या तारा ताणत असतात, बाकी काही झालेलं नसतं. रोज सुरात लावा, प्रत्येक तार मधोमध धरून हलकीशी ओढा आणि परत लावा. चौथ्या-पाचव्या दिवसानंतर खुंट्यांना हात लावायची वेळ कमी-कमी होत जाते. पावसाळ्यात बॅगेत सिलिका जेलच्या दोन पुड्या टाका, त्या ओल्या झाल्या की बदला, आणि भिजत आलात तर बॅग दारातच उघडून वाद्य कोरड्या पंच्याने पुसा. ओल्या बॅगेत रात्रभर ठेवलेलं लॅमिनेटही सुटतं.

आकाशी युकुलेलेचा नट काकांनी तेव्हाच घासून दिला. ते आता भाचीकडे आहे, आणि तिची एफ सुरात लागते.